गप बसणारे पार्ट: जुन्या डिझायरच्या देखभालीच्या नोंदी, सातारा

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार. २,१८,३४० किमी

काल दसरा झाला. झेंडूचा हार आज सकाळीच काढला, कारण निम्म्या पाकळ्या ग्रिलमधून आत शिरून एसीच्या कंडेन्सरवर चिकटल्या होत्या. त्याच्याच मागं रेडिएटर असतो, म्हणजे दोघांचीही हवा अडली. साध्या पाइपनं हलकी धार मारून जाळी धुतली. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा इथं चालत नाही, जाळीची पाती वाकतात आणि मग हवा कायमची कमी होते.

गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझायर, डिझेल, १२४८ सीसी. पहिल्यापासून माझ्याकडंच. औषध कंपनीची नोकरी, त्यामुळं आठवडा वाई-पाचगणी-महाबळेश्वर, कोरेगाव-फलटण, दहिवडी-म्हसवड आणि कऱ्हाड यांत वाटलेला. म्हणजे जिल्हा एकच, पण गाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं महाबळेश्वरही लागतं आणि माणची धूळही. सर्व्हिस बुकातल्या वेळापत्रकाखाली एक बारीक ओळ असते: धुळीत, डोंगराळ भागात वापर असेल तर लवकर बदला. आपल्याला तीच ओळ लागू.

ठरवलंय ते असं: तीन लाख किलोमीटर पुरे करायचे, आणि तोवर गाडी दोरी बांधून ओढत आणायची वेळ येऊ द्यायची नाही. इंजिनची मला काळजी नाही. या इंजिनला टायमिंग बेल्ट (झडपांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा) नाही, त्याजागी चेन आहे. ऑइल वेळेवर पडलं तर ते चालतं.

संध्याकाळी गोडोलीत मिस्त्रींकडं जाऊन आलो. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त माणूस, सगळे अण्णा म्हणतात. मी कागदावर पार्टांची मोठी यादी नेली होती. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही.

"साहेब, जे बोंबलतंय त्याला भ्यायचं न्हाई. गप बसलंय त्याला भ्या."

म्हणजे काय, ते नंतर चहा घेता घेता सांगितलं. ब्रेक पॅड घासत आला की किंचाळतो. बेअरिंग गेलं की घुं घुं करतं. बुश खडखडतात, क्लच प्लेट आधी घसरते आणि मगच जाते. हे सगळे सांगून जाणारे. त्यांना सांगेपर्यंत थांबायचं, पैसे आधी घालायचे नाहीत. आणि होस पाइप, कूलंटचं झाकण, बेल्ट, ब्रेक ऑइल, ब्रेकचे रबरी पाइप, टायरचं वय हे न सांगता जाणारे. ते चांगले दिसत असले तरी मुदतीला बदलायचे. एसटीत असंच होतं म्हणाले.

माझी यादी रात्री याच हिशेबानं दोन भागांत पुन्हा लिहिली. महागड्या वस्तू जवळजवळ सगळ्या पहिल्या भागात गेल्या आणि स्वस्त सगळ्या दुसऱ्या. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, रविवार. २,१८,९०० किमी

पहिलं काम कूलिंगचं, कारण पसरणी घाटात गाडी तापली तर पुढचं सगळं महागच.

इंजिन थंड असताना सगळे होस हातानं दाबून पाहिले. वरचा पाइप क्लिपजवळ कडक झालेला, दाबल्यावर बारीक चिरा उघडत होत्या. खालचा उलटा, एका जागी मऊ पडून फुगलेला. हीटरकडं जाणारे दोन वरून ठीक दिसले, पण वय तेच, म्हणून तेही बदलले. दुकानदार म्हणाला, खराब आहे तो एकच न्या, बाकीचे कशाला? एक फुटला की दुसरा त्याच महिन्यात फुटतो, कारण सगळे एकाच दिवशी बसवलेले असतात.

जुन्या क्लिपांपैकी दोन इतक्या आवळलेल्या होत्या की रबरात खाच पडली होती. नवीन क्लिपा लावल्या. हा खर्च चहा-वड्याचा.

कूलंट काढलं तर गढूळ तपकिरी. गेल्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या एका गॅरेजात बोअरचं पाणी ओतलं गेलं होतं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. निथळ पाणी येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्यानं धुवून काढलं, मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं. भरताना घाई करायची नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालू ठेवायची, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं, गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघायची. हीटरमधून नीट गरम हवा आली म्हणजे आत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही असं समजायला हरकत नाही.

झाकणाबद्दल थोडं जास्त लिहून ठेवतो, कारण हे मलाही नीट माहीत नव्हतं आणि अण्णांनी दोन प्रश्न विचारून माझ्याच तोंडून काढून घेतलं. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, तिथं साधारण ९५ ला. इंजिनातलं पाणी तर चालू गाडीत ९० च्या आसपास असतंच. मग ते घाटात उकळत का नाही? कारण झाकण दाब धरून ठेवतं. एक बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा, जादा दाब असला की उकळण्याचा बिंदू १२० पर्यंत जातो, शिवाय कूलंटमुळं आणखी थोडा वर. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबरी वॉशर कडक झाला की हे सगळं जातं. खाली साताऱ्यात काही कळत नाही, पाचगणीच्या वळणावर कळतं. तोवर इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं हेड, वाकलेलं असू शकतं. झाकण नवीन घेतलं, जुन्यावर जेवढा बार छापलाय तेवढ्याचंच. दोन-अडीचशे रुपये. थर्मोस्टॅटही (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडं सोडणारी झडप) त्याच बैठकीत नवा बसवला.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

फक्त बेल्ट. या गाडीत एकच पट्टा डायनॅमो, वॉटर पंप आणि एसी तिन्ही फिरवतो. स्टिअरिंग इलेक्ट्रिक, त्यामुळं ते याच्यावर नाही. पट्टा तुटला की डॅशबोर्डवर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि माणूस म्हणतो, बॅटरी ना, बघू पुढच्या गावात. पण तेव्हा पाणीही फिरायचं थांबलेलं असतं. घाटात हा दिवा लागला तर पुढच्या गावाची वाट न बघता गाडी बाजूला घेऊन बंद करायची. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवलं, सौ. ही गाडी चालवते.

पट्टा आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही बदलले. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून गळतीचा डाग नाही, पुली हलत नाही. पंप राहू दिला.

१० नोव्हेंबर, रविवार. २,२०,३१० किमी

ऑइल आणि ऑइल फिल्टर. वीस तारखेला मतदान, त्यामुळं अण्णांच्या दारात प्रचाराच्या जीपांची रांग. कुणाच्या भोंग्याची वायर जळालेली, कुणाचा सेल्फ गेलेला. आपला नंबर दुपारी लागला.

कंपनी १०,००० म्हणते, मी ७,५०० ला बदलतो. कारण चेन. चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो, आणि ऑइल घट्ट, काजळलेलं झालं की चेन आणि गाइड दोन्ही झिजतात. टर्बोचंही (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) तेच. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून महाबळेश्वरला चढून गेल्यावर मी लगेच चावी फिरवत नाही, मिनिटभर गाडी शांत चालू ठेवतो. पार्किंगवाल्या पोराला हे पटत नाही. काच ठोकतो.

डिझेलचं ऑइल दोन-तीन दिवसांत काळं पडतं. ते काजळी उचलतंय, त्याचं काम करतंय. रंग बघून घाबरायचं नाही, पट्टीवरची पातळी बघायची. दोन बदलांच्या मधे किती टॉपअप लागतं एवढं मात्र वहीत लिहायचं. आज अर्ध्या लिटरच्या आत आहे. हा आकडा वाढायला लागला की विचार करू.

ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. डिझेल फिल्टरही बदलला, जुन्याच्या तळाशी थोडं पाणी होतं. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, इंजेक्टरला वंगण त्या डिझेलचंच. तिथं पाणी गेलं की हिशेब हजारांत नाही, दहा हजारांत.

काउंटरवरच्या माणसानं इंजिन फ्लशची बाटली पुढं सरकवली. नको म्हणालो. इतक्या किलोमीटरनंतर आत साठलेलं एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकावं अशी माझी इच्छा नाही.

१ डिसेंबर, रविवार. २,२१,९०० किमी

ब्रेक. आजचा दिवस सगळा यातच गेला आणि जायलाच हवा होता.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी पाइपांमधूनसुद्धा. गाडी उभी असली तरी शोषतं. म्हणून त्याचा हिशेब किलोमीटरवर नसून वर्षांवर, दोन वर्षांत एकदा. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की प्रमाणातले किमान आकडे खाली येतात १४० आणि १५५ वर. मेढ्याकडं केळघर घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलं की डिस्क तापते, उष्णता कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइलला लागते. ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल दाबलं तरी दाब चाकापर्यंत पोचतच नाही. पाच मिनिटांपूर्वी ब्रेक उत्तम लागत होते, असंच सगळे नंतर सांगतात.

आमचं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. चारही चाकांतून नितळ येईपर्यंत काढलं. बाटली सीलबंद हवी, घरातली अर्धी उघडलेली वापरायची नाही. बॉनेटवर थेंब पडला की रंग जातो, म्हणून ओलं फडकं हाताशी.

रबरी पाइप पुढचे दोन्ही बदलले. वरून काही दिसत नव्हतं, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून पाइप वाकवून पाहिला तेव्हा बारीक चिरा दिसल्या. कॅलिपरच्या पिना काढल्या, डावीकडची खालची सुकून अडकायला आलेली. त्यामुळंच डावा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला होता. पिना घासून ब्रेकचं खास ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथं चालत नाही, उष्णतेनं वितळतं आणि रबर फुगवतं. मागचे ड्रम उघडले, लायनर अजून चालतील, सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहिली, आत कोरडं.

अण्णा मधेच म्हणाले, "ज्या गिअरवर चढलाय त्याच गिअरवर उतरा. मग ब्रेक म्हाताऱ्या गाडीलाबी पुरतंय." घाटात प्रत्येक ड्रायव्हर हे सांगतो आणि गाड्यांचे ब्रेक तरीही खाली येईपर्यंत वास मारतात. पसरणीच्या पायथ्याला रविवारी संध्याकाळी उभं राहून वास घ्या.

१२ जानेवारी २०२५, रविवार. २,२५,१०० किमी

उंदीर. घराच्या मागच्या शेतात ऊस तुटला आणि तिथले उंदीर नव्या घराच्या शोधात निघाले. बॉनेटखाली इंजिनच्या वायरिंगचं वरचं कव्हर कुरतडलेलं, दोन वायरींचं तांबं उघडं. अजून काही बंद पडलेलं नव्हतं, सकाळी ऑइलची पट्टी काढायला बॉनेट उघडलं म्हणून दिसलं. इलेक्ट्रिशियननं डाग देऊन स्लीव्ह घातली.

तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, कापूर, शेजाऱ्यांनी सगळं सुचवून झालंय. अण्णा म्हणतात, रात्री बॉनेट उघडं ठेवा, उंदराला अंधार आणि ऊब लागते. हंगाम संपेपर्यंत तेच करतोय. शिवाय रोज सकाळी चावी लावायच्या आधी एक नजर.

१६ फेब्रुवारी, रविवार. २,२७,८०० किमी

ऑइल झालं. मग टायर आणि सस्पेन्शन.

टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझे चारही २०२१ चे, नक्षी चार मिलिमीटरच्या आसपास. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण महाबळेश्वरच्या पावसात १.६ वर मी तरी जाणार नाही. मग सहज स्टेपनी बाहेर काढली. तिच्यावर २०१३. नक्षी नवीकोरी, केसाळ टोकंसुद्धा शाबूत, आणि रबर बारा वर्षांचं. कडेला नखानं दाबलं तर चिरा. हा टायर मी आजवर संकटकाळचा म्हणून मागं वाहत होतो. दुसऱ्या यादीत याचं नाव सगळ्यात वर हवं होतं. नवीन टायर घेतला, तो पुढच्या बदलाच्या वेळी खाली घालायचा आणि चालत्यांपैकी चांगला स्टेपनीत, म्हणजे एकही टायर नुसता पडून म्हातारा होणार नाही.

एका मोठ्या वर्कशॉपात अलाइनमेंटला गेलो तर खडखड ऐकून त्यांनी सगळं सस्पेन्शन बदलायचा कागद हातात दिला: शॉकअप चारही, लोअर आर्म, माउंटिंग. अण्णांकडं जॅकवर घेऊन पहारीनं हलवून पाहिलं. लिंक रॉड दोन्ही सैल, उजव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला, बॉल जॉइंट घट्ट. शॉकअप कोरडे, म्हणजे गळती नाही. लिंक रॉड आणि तेवढा आर्म बदलला, आवाज बंद. हे सांगून जाणारे पार्ट आहेत, एकेक सांगेल तसं करू. अपवाद बॉल जॉइंटचा. तो आवाज देतो खरा, पण तुटला तर चाकच आडवं होतं. म्हणून दर ऑइलला जॅकवर तपासणी. एक्सलचे रबरी बूटही तेव्हाच. बूट फाटला त्या आठवड्यात कळलं तर नवा बूट आणि ग्रीस, दोन महिन्यांनी कळलं तर जॉइंट.

एमआयडीसीतल्या पंप-नोझलवाल्यांकडं इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घेतली. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची आणि बाटल्यांतलं डिझेल शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. ज्याची बाटली जास्त भरते तो आतून जास्त झिजलेला. तीन सारखे, तिसऱ्या नंबरचा किंचित वर. त्यांनी स्वतःच सांगितलं, आता काही करू नका, वर्षानं परत बघा.

यावरून अण्णांच्या दोन याद्यांत मी एक तिसरी घातली: बोलत नाहीत, पण मोजता येतात. इंजेक्टर, बॅटरी, टायरची नक्षी, ऑइलचा टॉपअप. यांना मुदत नको, वहीत आकडा हवा. अण्णांना दाखवली. "मोजत बसा," म्हणाले, पण यादीचा फोटो त्यांच्या पोराला काढायला लावला.

२३ मार्च, रविवार. २,३०,६०० किमी

बॅटरी. रात्रभर उभी असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३ पर्यंत उतरते, चालू गाडीत १४.२. ठीक. पूर्ण भरलेली १२.६ च्या पुढं दाखवते, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर निरोप घ्यायचा. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासली. सेल्फ लगेच जोरात फिरायला लागला.

एअर फिल्टर नवा. म्हसवडच्या बाजूला महिनाभर फिरलं की जुना पिवळसर मातीनं भरतो. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत घालायची पद्धत आहे, पण जोरात हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात, आणि तिथून गेलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर. तीन-चारशे रुपयांच्या वस्तूसाठी हे नको.

आतापर्यंतचा सगळा खर्च, स्टेपनीच्या टायरसकट, नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांएवढा. सौ.नं वही बघून एवढंच विचारलं, मग सीट कव्हर कधी?

११ मे, रविवार. २,३४,९०० किमी

पावसाआधीची कामं काढली. वायपरखालचं काळं जाळीदार कव्हर उघडलं तर आत करंजाची पानं कुजून खत झालेलं. तिथून पाणी खाली जायला दोन वाटा असतात. त्या तुंबल्या की पाणी एसीच्या ब्लोअरमध्ये आणि तिथून पायांखालच्या कार्पेटमध्ये. ओंजळभर गाळ काढला. दरवाज्यांच्या तळाची छिद्रं काडीनं मोकळी केली, दरवाजे आतून गंजतात ते इथूनच.

खालून कोटिंग करायचं राहिलं. ज्यांच्याकडं चौकशी केली ते गाडी धुऊन तासाभरात फवारतो म्हणाले. ओल्या पत्र्यावर आणि जुन्या गंजावर तो काळा थर बसला की ओल आतच राहते, वरून मात्र छान दिसतं. दोन दिवस उन्हात वाळवून, गंज घासून, मग करणारा माणूस शोधतोय.

२५ मे, रविवार. २,३५,९०० किमी

पाऊस आला. जूनची वाट न बघता मेमध्येच, आणि वळवाचा नाही, खरा मोसमी. कोटिंग आता दिवाळीनंतर. वायपरचं रबर नवं घातलं, ऑइल आणि फिल्टर बदलले. टॉपअप अजून अर्ध्या लिटरच्या आतच. कार्पेट कोरडं आहे.

२२ जून, रविवार. २,३७,८५० किमी

क्लच बोलायला लागला. पेडल आता अगदी वर आल्यावर उचलतो. यवतेश्वरच्या चढाला वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबून पाहिलं. आरपीएमचा काटा आधी उडाला आणि वेग मागून आला. घसरायला सुरुवात आहे, पण थोडी. वास नाही.

अण्णा म्हणाले, दोन-तीन महिने काढेल, घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. चढावर थांबायचं तर हँडब्रेक. काम काढायचं तेव्हा गिअरबॉक्स खाली येणारच, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील एकाच वेळी. सील शंभरातलं असतं, पण त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा तर मजुरी परत सगळी. गिअर ऑइलही त्यातच होऊन जाईल.

गणपतीआधी करायचं ठरलं. प्रेशर प्लेटचा सेट पुण्याहून मागवायचाय, दर विचारून ठेवला. पुढचं ऑइल २,४३,४०० ला.